सूर्याला हुकूम

"तुझ्या आईचा फोन आला होता," युक यी म्हणाल्या. "घरी फोन कर."

मी दारात बूट काढत होते. "काय म्हणत होती?"

"फोन कर."

"करते. पण काही विशेष?"

"ते तिलाच विचार," असं म्हणून त्या पुन्हा पालेभाजीचे जून देठ खुडायला लागल्या.

मी सांगलीला फोन लावला, तर आईनं मला बोलूच दिलं नाही. "आत्ता उगवतेस? सकाळपासून जीव मुठीत धरून बसलेय मी! बाबा स्कूटरवरून पडलेत, मांडीचं हाड मोडलंय, मिरजेला ऑपरेशन चाललंय. तुझ्या त्या बाईंना मी इंग्रजीत सगळं सांगितलं होतं, दोनदा. त्या 'येस, येस' म्हणाल्या!"

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. माझा आवाज सहसा चढत नाही, त्या दिवशी चढला.

"यी, माझे वडील दवाखान्यात आहेत. तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग मला सांगितलं का नाहीत? लॅबचा नंबर भिंतीवर चिकटवलेला आहे."

"मी कुणाचं बोलणं कुणाला सांगत नाही," त्या म्हणाल्या.

त्यात उद्धटपणा नव्हता. कुणी 'मी मासे खात नाही' म्हणावं, तसं त्या म्हणाल्या. पण देठ खुडणारी त्यांची बोटं थांबली होती. थोड्या वेळानं माझ्या खोलीच्या दारावर टकटक झाली. बाहेर आल्याच्या सूपचा वाडगा ठेवलेला होता आणि त्या स्वतः निघून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एवढंच विचारलं, "वडील?"

"ठीक आहेत. ऑपरेशन झालं."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून क्षणभर ओट्याला टेकल्या.

ही गोष्ट हाँगकाँगमधली आहे, ते शहर चीनच्या ताब्यात जायला दोनेक वर्षं उरली होती तेव्हाची. मी तिथल्या एका प्रयोगशाळेत शेवंतीवर काम करत होते. रोपाला कळी धरायची वेळ कशी कळते, हा माझा विषय. शेवंतीला लांब रात्र लागते. अंधारात मधेच थोडा वेळ दिवा लावला तरी ती फुलायचं विसरते. युक यींच्या घरात खोली भाड्यानं आहे असं कळलं म्हणून मी गेले, तेव्हा त्यांनी माझा देश, धर्म, खाणंपिणं काहीच विचारलं नाही. "काय शिकतेस?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, "फुलं कधी येतात ते." त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. पुढे कधीतरी कळलं की त्यांचे वडीलही वनस्पतिशास्त्रज्ञ होते, आणि मुलीचं नाव त्यांनी युकलान, म्हणजे चाफ्याच्या जातीतल्या एका पांढऱ्या फुलाचं ठेवलं होतं. 'यी' म्हणजे मावशी. त्या मला आ-मुई म्हणत, म्हणजे धाकटी.

पन्नाशीच्या, बारीक चणीच्या बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. प्राथमिक शाळेत गणित शिकवायच्या. माणूसघाण्या नव्हत्या, पण त्यांच्याकडून कुणाबद्दल काही कळत नसे. शेजारीण जिन्यात अर्धा तास सुनेची गाऱ्हाणी सांगायची, त्या ऐकून घ्यायच्या, आणि घरात आल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होत्या?" तर म्हणायच्या, "ऊन छान पडलंय."

त्यांच्याकडे नेमानं येणारा माणूस एकच होता. हो सुक. सुक म्हणजे काका. साठी ओलांडलेले, उंच, थोडे पोक आलेले. तरुणपणी कॅन्टन शहरात ते युक यींच्या वडिलांचे विद्यार्थी होते, म्हणून युक यी त्यांना सी-हिंग म्हणत, म्हणजे गुरुबंधू. सीमा ओलांडून ते हाँगकाँगला आले ते युक यींनंतर पुष्कळ वर्षांनी. आल्यावर त्यांनी आधी काम शोधलं नाही, आधी युक यींना शोधलं. नवऱ्याच्या आजारात रात्रंदिवस तेच धावले. नळ गळू लागला तरी तेच यायचे, आणि रविवारचं जेवण तर ठरलेलंच.

मला ते फार आवडायचे. शेवंतीबद्दल माझ्याशी नीट बोलू शकणारा त्या इमारतीत दुसरा कोण होता? मी मासे खात नाही याची त्यांना भारी गंमत वाटायची.

"अजून गवतच खातेस?" ते दर रविवारी विचारत.

"गवतावरच माझा प्रबंध आहे, हो सुक."

"मग तर पापच! ज्याच्यावर प्रबंध लिहायचा त्यालाच खायचं?"

पण जेवणाच्या शेवटी, चहा आला की त्यांचा चेहरा उतरायचा. भिंतीवर युक यींच्या वडिलांचा फोटो होता, त्याच्याकडे बघून ते कधीमधी म्हणायचे, "मी तेव्हा शहरात नव्हतो. डोंगरात झाडं गोळा करत होतो. असतो तर उभा राहून बोललो असतो." युक यी बश्या उचलायच्या. फोटोतल्या माणसाचं काय झालं, ते मी विचारलं नाही. सत्तावन्न साली पुष्कळ शिकल्यासवरल्या माणसांना मजुरीच्या शेतांवर पाठवलं गेलं होतं, एवढं मला लॅबमधल्या बोलण्यातून माहीत होतं.

त्या हिवाळ्यात हो सुकनी युक यींना लग्नाचं विचारलं. त्यांचा मुलगा टोरांटोला होता, कागदपत्रं झाली होती, वसंतात निघायचं होतं. हे मला युक यींनी सांगितलं नाही, अर्थातच. हो सुकनी सांगितलं, लिफ्टमध्ये, कान लाल करून. "तिनं उत्तर दिलेलं नाही. तुला काही म्हणाली का?"

"त्या मला हवामानाशिवाय काही सांगत नाहीत."

"हं," ते हसले. "लहानपणी फार बडबडी होती. तुला खरं वाटणार नाही."

चिनी नवं वर्ष जवळ आलं तशा युक यी मला संध्याकाळी स्वयंपाकघरात बसवून शुभेच्छा शिकवायला लागल्या. कॅन्टोनीजमध्ये त्या चार-चार अक्षरांच्या असतात, आणि सणाला भेटणाऱ्या प्रत्येकाला त्यातली एखादी तरी म्हणावीच लागते. व्यापाऱ्याला वेगळी, म्हाताऱ्याला वेगळी, परीक्षेला बसणाऱ्या पोराला वेगळी. अक्षराचा सूर चुकला की त्या चमच्यानं ओट्यावर ठोकायच्या. "खाली, खाली. तो सूर खाली जातो. तू तर छतावर चढलीस." मी वीसेक शिकले.

एक मात्र मी बाहेर शिकले. बागेत पुष्पप्रदर्शनाचा मोठा लाल फलक लागला होता, त्यावर सोनेरी चार अक्षरं. लॅबमधल्या विन्सीला मी विचारलं.

"बाक फा छाय फोंग," ती म्हणाली. "शंभर फुलं एकत्र उमलली."

"फक्त फुलांनाच म्हणायचं?"

"छे! कशालाही. नव्या सिनेमांना, रस्त्यावरच्या खाण्याला, माणसांना. खूप तऱ्हातऱ्हांचं सगळं एका वेळी बहरात आलं की म्हणायचं. तुमच्यात नाही असं?"

मी विचार केला. आमच्यात 'व्यक्ती तितक्या प्रकृती' आहे, 'नाना तऱ्हा' आहे, पण दोन्हींत थोडा सुस्कारा असतो. माणसं वेगवेगळी आहेत, आता काय करता, असा. विन्सीच्या म्हणीत सुस्कारा नव्हता. नुसता आनंद होता.

"वापरून बघ," विन्सी म्हणाली. "परदेशी माणसाच्या तोंडून ऐकायला सगळ्यांना आवडतं."

मी ती येता-जाता घोकली आणि युक यींना मुद्दाम सांगितली नाही. वीस त्यांच्या आणि ही माझी, अशी त्यांना चकित करायची होती.

नव्या वर्षाचा सातवा दिवस हा त्यांच्यात सगळ्या माणसांचा वाढदिवस. त्या दिवशी हो सुक जेवायला यायचे होते. सकाळी युक यी आळंबी भिजत घालत होत्या. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "आज मी त्यांना उत्तर देणार आहे."

मी चकितच झाले. स्वतःहून एवढं त्या कधी बोलल्या नव्हत्या. "काय उत्तर?"

"मला जायचंय त्यांच्याबरोबर. पण आधी एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकून ते नाही म्हणतील, बहुतेक."

"असं काय असणार आहे, यी?"

"ते आधी त्यांना. इतकी वर्षं कुणालाच नाही सांगितलेलं." त्यांनी आळंबी पिळली, पुन्हा भिजवली, पुन्हा पिळली. "तू जेवायला बस. कुणी तिसरं असलं म्हणजे मी मधेच थांबणार नाही. एकटी असले तर थांबेन, मला माहीत आहे."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर त्यांचं बरोबर असेल."

हो सुक दुपारी आले ते कार्डबोर्डच्या खोक्यात पाणनर्गिसाचे तीन वाडगे घेऊन. हे कांदे ते दर वर्षी स्वतः कोरायचे, खड्यांवर पाण्यात वाढवायचे. नव्या वर्षाच्या हव्या त्या दिवशी फूल उघडलं पाहिजे, यात तिथल्या लोकांचा सगळा मान असतो. तिन्ही वाडगे पांढऱ्या फुलांनी भरले होते, आणि त्या लहानशा खोलीत इतका गोड वास पसरला की जेवणाचा वास येईना.

"आज सकाळीच उघडली, तिन्ही!" ते धापा टाकत म्हणाले. लिफ्ट बंद होती. "हा मधला मागे रेंगाळत होता. कोमट पाण्यात बसवला. आणि हा डावीकडचा पुढे पळत होता, त्याला खिडकीबाहेर गारठ्यात ठेवला. जरा दटावलं की ऐकतात."

"शेवंती नाही ऐकत," मी म्हटलं.

"शेवंती तुझ्यासारखी आहे. गवतखाऊ आणि हट्टी."

आम्ही बसलो. मासा, टोफू, आळंबी, भात. युक यींनी हो सुकना वाढलं, मला वाढलं, स्वतःच्या भातात काड्या रोवल्यासारख्या धरल्या आणि काही बोलेनात. हो सुकही गप्प झाले. आज उत्तर मिळणार, हे त्यांनाही कळलं असावं. काड्यांचा आवाज तेवढा येत होता. मला ती शांतता सोसेना. टेबलावर तीन वाडगे फुललेले होते, विन्सीनं सांगितलेलं वाक्य याहून कुठे चपखल बसणार होतं? मी वाडग्यांकडे हात केला आणि म्हटलं, "बाक फा छाय फोंग!"

हो सुकनी मान खाली घातली. युक यींनी काड्या खाली ठेवल्या, एकमेकींना समांतर.

"चुकलं का?" मी विचारलं.

"नाही. सगळे सूर बरोबर आले," युक यी म्हणाल्या. "कुणी शिकवली?"

"बागेत फलक आहे..."

"हो. सगळीकडे असतो आता." त्यांनी एक श्वास घेतला. "त्या वर्षीही सगळीकडे होता. दर भिंतीवर." बोलत होत्या माझ्याशी, बघत होत्या हो सुककडे. "वरून सांगून आलं होतं, शंभर फुलं उमलू देत. मोकळेपणानं बोला, आमच्या चुका दाखवा. लोक सभांमध्ये बोलायला लागले. बाबा जात, बसत, परत येत. बोलत नसत. सावध माणूस. पण एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, शंभर फुलं एकदम उमलायला हवी असतील, तर आधी सूर्याला हुकूम काढावा लागेल. एकाला मोठा दिवस लागतो, एकाला मोठी रात्र. दोन्ही एकदम कसं द्यायचं? आम्ही खूप हसलो. आम्ही तिघंच होतो. आई, बाबा, मी. दार लावलेलं होतं."

हो सुक हलले नाहीत.

"दुसऱ्या दिवशी शाळेत शंभर फुलांचं चित्र काढायचं होतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, माझे बाबा म्हणतात, आधी सूर्याला हुकूम काढा. वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. मला इतकं छान वाटलं! मग काही दिवसांनी वारं फिरलं. बोललेल्यांना शोधायला लागले. बाबांना सभेपुढे उभं केलं आणि त्यांचं वाक्य त्यांनाच वाचून दाखवलं. सूर्याला हुकूम. शब्द न् शब्द. आमच्या जेवणाच्या टेबलावरचं."

त्यांचा आवाज सपाट होता. वर्गात गणित सोडवून दाखवतात तसा.

"त्यांना उत्तरेकडच्या शेतावर पाठवलं. तिथेच गेले. आईनं मला एकदाच विचारलं, 'बाहेर कुठे बोललीस का?' मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्यासमोर तिनं कामापुरतंच तोंड उघडलं. भात झालाय. कंदील पूस. मरेपर्यंत तेवढंच. तिला कळलं होतं."

आता त्या हो सुककडे वळल्या. "तुमच्या गुरूंना मी घालवलं, सी-हिंग. तुम्ही इथे बसून म्हणायचात, मी शहरात असतो तर, मी असतो तर. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. सांगितलं. मी तुमच्याबरोबर यायला तयार आहे. हे ऐकूनही न्यायचं असेल, तर."

मी हो सुककडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी हात पुढे केला आणि युक यींच्या मनगटावर ठेवला. त्या हातात खरी माया होती. त्याबद्दल मला आजही शंका नाही.

"आ-लान," लहानपणच्या नावानं हाक मारत ते म्हणाले, "तू लहान होतीस. मुलं बोलतात. त्यात तुझा काय दोष? त्या घरात कुणी वावगं बोललंच नव्हतं. गंमत होती ती. सर स्वतःच हसत होते. तुझ्या आईनं तर त्यांना म्हटलं, तुमच्या फुलांना म्हणावं थांबा, कोहळ्याचं सूप निवतंय. असल्या गोष्टीसाठी कुणी..."

ते थांबले.

ते थांबले, हे आधी माझ्या लक्षात आलं. का थांबले, ते नंतर. मी मनातल्या मनात युक यींचं सगळं बोलणं पुन्हा चालवून पाहिलं. त्यात सूप नव्हतं.

खालच्या मैदानात कुणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं.

"कोहळ्याचं," युक यी हळूच म्हणाल्या. "हो. कोहळ्याचंच होतं. मी विसरले होते."

हो सुकनी हात मागे घेतला.

"तुम्ही कुठे होतात?" युक यींनी विचारलं.

"जिन्यात."

"का?"

"ताटली परत करायला आलो होतो. आदल्या दिवशी तुझ्या आईनं मला खायला पाठवलं होतं. दार वाजवणार, तेवढ्यात तुम्ही सगळे हसलात. वाटलं, हसणं संपू दे." त्यांनी घसा साफ केला. "मग उभाच राहिलो."

"आणि ते वाक्य?"

"आम्हाला सगळ्यांना बोलावत होते, आ-लान. एकेका विद्यार्थ्याला. प्रत्येकानं काहीतरी द्यायचं. रिकाम्या हातानं कुणाला बाहेर सोडत नव्हते. दोन दिवस मी विचार केला. माझ्याजवळ होतं त्यातलं सगळ्यात हलकं मी दिलं. एक विनोद. म्हटलं, विनोदासाठी कुणी माणूस उचलत नाही. मग रजा टाकून डोंगरात गेलो. परत आलो तेव्हा त्यांना शेतावर पाठवलेलं होतं." ते टेबलाकडे बघत म्हणाले, "तुझं शाळेतलं बोलणं कुणापर्यंत पोचलंच नव्हतं. ते माझं होतं. माझी सही होती."

"तुम्हाला माहीत होतं, मला असं वाटतंय ते?"

"नाही. शपथ. आज कळलं."

"आज कळलं," युक यी म्हणाल्या. "आणि कळल्यावर तुम्ही मला माफ करत होतात."

हो सुकनी काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. ते उठले. दाराशी बूट घालायला वाकले तेव्हा त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी उठणार होते, पण युक यींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी बसून राहिले. दार लागलं. त्यांची पावलं जिन्यात ऐकू येत राहिली. लिफ्ट बंद होती, चौदा मजले उतरायचे होते.

युक यींनी मासा झाकून ठेवला. मग पुन्हा बसल्या.

"आईनं विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं, आ-मुई. ते खोटं होतं," त्या म्हणाल्या. "पण तिनं जे ओळखलं, तेही खोटंच निघालं. आता हे मी कुणाला सांगू?"

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये विन्सीनं विचारलं, "वापरलीस का? आवडली?"

"सूर बरोबर आले म्हणाल्या," मी म्हटलं.

पुढचे कितीतरी रविवार हो सुक आले नाहीत. नर्गिसाचे वाडगे वाळून तपकिरी झाले, तसेच टेबलावर राहिले. युक यी शाळेत जात, येत, भाजी निवडत. एवढाच फरक झाला की त्या कधीकधी हातातलं काम टाकून जिन्याकडच्या दाराकडे टक लावून बघत बसायच्या. एकदा मी बाहेरून आले, किल्ली लावायच्या आधीच दार उघडलं. त्या दाराच्या आतल्या बाजूला उभ्या होत्या.

"इथून आतलं किती ऐकू येतं?" त्यांनी मला विचारलं. "जा, बाहेर उभी राहा. मी बोलते."

मी बाहेर उभी राहिले. दार लावून घेऊन त्या टेबलाशी बसून काहीतरी बोलल्या. मला सगळं ऐकू आलं. चहा उकळलाय, आ-मुई. आत येऊन मी तसं सांगितलं.

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी मान हलवली. त्याच दिवशी त्यांनी हो सुकना फोन केला. "रविवारी या," एवढंच म्हणाल्या.

ते आले. निम्मे झाले होते. युक यींनी त्यांना जेवायला वाढलं नाही, चहा दिला. समोरच्या खुर्चीत बसल्या, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर बसतात तशा.

"जिन्यात किती वेळ उभे होतात?"

"सूप संपेपर्यंत. त्यानंतरही थोडा."

"मग सांगा. पहिल्यापासून."

मी माझ्या खोलीत निघून गेले. पण त्या घराच्या भिंती पातळ होत्या. हो सुक अडखळत बोलत होते. बाबा काय म्हणाले, आई काय म्हणाली, कोणी खुर्ची सरकवली. मधेमधे युक यींचा एकच शब्द: "मग?"

त्यापुढच्या रविवारी ते पुन्हा आले, आणि त्याच्याही पुढच्या. टोरांटोचं तिकीट त्यांनी रद्द केलं. लग्नाचं नाव दोघांनीही पुन्हा काढलं नाही. जेवणाचंही नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "यी, तुम्ही त्यांना माफ केलंत का?"

"नाही."

"मग त्यांना बोलावता कशाला?"

त्या दुधी भोपळा सोलत होत्या. सोलून झाल्यावर म्हणाल्या, "आई शेवटची मोकळेपणानं हसली ती त्या संध्याकाळी. ते हसणं ऐकलेला जगात आता तो एकच माणूस आहे. मीही होते. पण मी लहान होते, मला फक्त माझंच हसणं आठवतं." त्यांनी सालं गोळा केली. "त्यांच्याजवळ ते सगळं आहे. इतकी वर्षं त्यांच्याजवळच राहिलंय. ते मला हवंय."

उन्हाळ्यात माझं काम संपलं. मी निघाले तो दिवस रविवारचा होता. बॅग भरून मी खोलीबाहेर आले, तर बैठकीचं दार लोटलेलं होतं. निरोप घ्यायला मी दार वाजवणार, म्हणून हात वर केला आणि तशीच थांबले.

आतून एक बाई बोलत होती. आवाज बारीक, थोडा चिरका, लाडिक. "तुमच्या फुलांना म्हणावं थांबा," ती म्हणत होती, "कोहळ्याचं सूप निवतंय." घरात दुसरं कुणी आल्याचं मी ऐकलं नव्हतं. मग त्या आवाजाला खोकला आला, आणि तो हो सुकचा खोकला होता.

"नाही, तसं नाही," युक यी म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका कोवळा होता. "थांबा म्हणताना ती सूर लांबवायची. आठवलं मला. थां-बा, असं. आणि मग हसायची."

आत कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"पुन्हा म्हणा," युक यी म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा म्हटलं.